रेवा जिवंत करायची तर...

विजेवर चालणाऱ्या रेवा मोटारीची पुढची सीट उचलली की खाली बॅटऱ्या दिसतात. सहा व्होल्टच्या आठ, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या रेवात त्यांच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचलेली असते आणि आम्ल सांडून खालचा पत्रा गंजलेला असतो. हे पाहून गाडी भंगारात द्यावीशी वाटते. घाई करू नये.

बंगळुरूची ही छोटी मोटार २००१ मध्ये बाजारात आली. लंडनच्या रस्त्यांवर ती 'जी-विझ' म्हणून धावली. २०१० मध्ये कंपनी महिंद्राच्या ताब्यात गेली आणि पुढे रेवाचे उत्पादन थांबले. आजच्या विजेच्या गाड्यांची ही थोरली बहीण आहे.

ती आपल्या जिल्ह्यात, खामगावात किंवा मेहकरात कुणाच्या शेडमध्ये असेल, तर तिला लागणारी विद्या तालुक्यातच आहे. भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणले आणि गावोगावी बॅटरीवाले तयार केले. विहिरीवरची मोटार जळली की भरून देणारे वाइंडिंगवाले तर आधीपासूनच आहेत. सुरुवातीच्या रेवात कार्बन ब्रश असलेली डीसी मोटार होती. नंतरच्या रेवाआयमध्ये एसी इंडक्शन मोटार आली. शेतातल्या पंपाची मोटार याच जातीची.

सुरुवात बॅटरीपासून करावी. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे आणि पान्ह्याला टेप गुंडाळावी. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. मग मीटर लावावे. प्रत्येक बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे तीन सेल असतात. एक गेला की काटा चारच्या आसपास अडतो. रिकाम्या पडलेल्या बॅटरीच्या प्लेटवर शिशाचे सल्फेट साचते. ते ताजे असेल तर चार्जिंगने विरघळते, जुने झाले की कडक स्फटिक होते आणि मग उपाय उरत नाही.

आठही बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, तसेच इथे होते. म्हणून एकदोन बदलण्याऐवजी सगळ्या एकदम बदलाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि जाम झालेले ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. पहिली फेरी सपाट रस्त्यावर व्हावी. राजूर घाटाची चढण नंतर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी आणि चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

कागदही जिवंत हवेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण लागते. विजेच्या गाड्यांना २०२१ पासून त्याचे शुल्क माफ आहे.

आपल्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गाडी. पहिली रेवा त्या वयाला २०५१ नंतर पोहोचेल. तोवर एखादी रेवा आपल्या जिल्ह्यात उरावी असे वाटत असेल, तर ती सीट आजच उचलायला हवी.