आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांची नोंद

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची संशोधित प्रत सिद्ध केली आणि अखेरीस जोडलेल्या ओव्यांत त्या शुद्धीकरणाचा काळ, कर्ता व कारण ही तिन्ही नोंदविली. कोणत्या ओवीत कोणता शब्द पालटला हे मात्र त्या ओव्यांत नाही. त्यासाठी अभ्यासकाला जुन्या प्रतीच ताडून पाहाव्या लागतात. आवृत्तीला निश्चित ओळख देणे आणि दोन आवृत्त्यांमधील भेद सांगणे, ही दोन भिन्न कार्ये होत. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ती यंत्राकडे कशी सोपविली, हे साहित्याच्या अभ्यासकाने जाणून घेणे आवश्यक आहे. कारण अनेक साहित्यकृतींच्या डिजिटल संहिता आज त्याच प्रणालींत ठेवल्या जातात.

अशी पहिली महत्त्वाची प्रणाली मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत रचली. पुढे वॉल्टर टिची यांच्या आर. सी. एस. या प्रणालीत प्रत्येक फाइलीला १.१, १.२ असे स्वतंत्र क्रमांक मिळत. २००० साली आरंभ झालेल्या सबव्हर्जनने समग्र संग्रहाला एकच चढता क्रमांक दिला. बदल मध्यवर्ती संगणकावर पोहोचला की क्रमांक एकाने वाढे. मोजणारा एकच असल्याने क्रमाविषयी वाद उद्भवत नसे.

२००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी निर्माण केलेल्या गिटमध्ये हा मध्यवर्ती मोजणारा उरला नाही. प्रत्येकाजवळ पूर्ण इतिहासासह प्रत असते. दोघांनी परस्परांस न कळविता शंभराव्या नोंदीनंतर एकेक बदल केला, तर दोघांचीही नोंद एकशे एकावीच ठरेल. म्हणून गिट अनुक्रमांक देत नाही. संहितेचा आशय, कर्ता, वेळ, संदेश आणि पूर्वीच्या नोंदीची ओळख या सर्वांवरून गणिताने काढलेली, रूढ पद्धतीत ४० अंकाक्षरांची एक खूण ते देते. संदेशातील एक अक्षर पालटले तरी खूण पालटते. ओळख अशी पक्की होते. परंतु दोन खुणांपैकी आधीची कोणती, हे त्या पाहून कळत नाही.

ही उणीव स्वयंचलित क्रमांकनाने भरून काढली जाते. एखाद्या नोंदीला माणसाने आवृत्तीचे नाव दिले, की त्यानंतर किती नोंदी झाल्या हे यंत्र मोजते आणि नाव, संख्या व संक्षिप्त खूण यांची जोडणी करते. संख्येमुळे वाचकाला अंतराचा अंदाज येतो, तर खुणेमुळे संदिग्धता टळते.

बदलांची सूची सिद्ध करणे याहून नाजूक काम आहे. त्यासाठी संदेशाच्या आरंभी ठरीव शब्द लिहिण्याचा संकेत पाळला जातो: दुरुस्तीला ‘फिक्स’, नव्या सोयीला ‘फीट’. पूर्वीच्या वापराशी विसंगत बदल असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते. मागील आवृत्तीपासूनचे संदेश वाचून यंत्र त्यांचे वर्गीकरण करते. तीन भागांच्या क्रमांकात दुरुस्तीने शेवटचा, नव्या सोयीने मधला आणि विसंगत बदलाने पहिला आकडा वाढतो.

तथापि यंत्र लिहिलेले तेवढेच संकलित करते. अर्थ पालटणारा बदल कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून नोंदविला, तर सूचीतही तो दुरुस्तीच राहतो. येथे पाठचिकित्सेशी असलेले साम्य स्पष्ट होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तळटीपांतून पाठभेद दिले आहेत; परंतु पाठभेद जमविणे आणि त्यांतून पाठ निवडणे या एकच क्रिया नव्हेत. दोन संहितांतील भेद यंत्र अचूक दाखविते, तो का झाला हे मात्र संपादकालाच लिहावे लागते. डिजिटल संहितेतून अवतरण देणाऱ्याने आवृत्तीची खूण द्यावी, आणि संपादकाने प्रत्येक बदलाचे कारण त्याच वेळी नोंदवावे. यांपैकी दुसरे कार्य टाळले, तर सूची कितीही दीर्घ असली तरी पुढील अभ्यासकाला पुन्हा प्रती ताडीतच बसावे लागेल.