मेव्हन ते निंबस

२०१८ साली गूगलच्या ३,०००हून अधिक कर्मचाऱ्यांनी सुंदर पिचाई यांना पत्र लिहून बजावलं, की युद्धाच्या धंद्यात आपण पडू नये. ड्रोनच्या चित्रफिती तपासणाऱ्या पेंटागॉनच्या ‘प्रोजेक्ट मेव्हन’चं कंत्राट कंपनीने मग वाढवलं नाही.

‘निंबस’च्या वेळी मात्र तिने कुणाचं ऐकलं नाही. इस्रायल सरकार आणि संरक्षण यंत्रणेसाठीचा हा क्लाउड करार २०२१चा, अ‍ॅमेझॉनसह १.२ अब्ज डॉलरचा. १६ एप्रिल २०२४ रोजी कर्मचाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि सनीव्हेलच्या कार्यालयांत ठिय्या दिला. सनीव्हेलला तर थेट क्लाउडप्रमुख थॉमस कुरियन यांच्या दालनात. रात्री पोलिसांनी ९ जणांना अटक केली, दुसऱ्या दिवशी २८ जणांची नोकरी गेली. आठवडाभरात हा आकडा पन्नाशीला पोचला. आपण नुसतेच तिथे उभे होतो, असं त्यातल्या काहींचं म्हणणं. ही तर सरळ दहशतच.

मेव्हननंतर दिलेलं ‘शस्त्रांसाठी एआय नाही’ हे वचनही गूगलने फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या तत्त्वांतून काढून टाकलं.