उभी गाडी, उतरलेली बॅटरी

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत पाहा. कव्हराखाली झाकलेली एखादी तरी मोटार दिसतेच. मुले परदेशी, रोजची कामे रिक्षाने किंवा पायी, गर्दीत गाडी चालवण्याचा उत्साह ओसरलेला. तरी ती विकवत नाही. ‘रात्रीअपरात्री हाताशी असावी’ हे त्यामागचे कारण. आणि नेमकी तशी रात्र आली की किल्ली फिरवताच नुसता ‘टक् टक्’ आवाज येतो. २०२० च्या टाळेबंदीत तर हा अनुभव अनेकांनी घेतला.

‘वापरलीच नाही, मग बॅटरी उतरली कशी?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण उभी गाडी पूर्ण झोपलेली नसते. घड्याळ, चोरीचा अलार्म, सेंट्रल लॉकिंग, इंजिनाचा संगणक हे सारे जागेच असतात. त्यांचा खर्च साधारण तीस मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास वीज झिरपते. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत ती निम्मी रिकामी! शिवाय बॅटरी आपली आपणही थोडी उतरत असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा वेग वाढतो.

खरे नुकसान पुढेच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरी उतरताना पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि मग तेवढा पत्रा कायमचा निकामी होतो. बॅटरीला वापरापेक्षा रिकामे राहणे अधिक बाधते, ते यामुळे.

रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवण्याचा उपाय अनेकजण श्रद्धेने करतात. आठवडाभरात झिरपलेली वीज एवढ्याने भरून येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. त्यात टायर, ब्रेक आणि ऑइल यांचेही भले होते.

महिनाभर बाहेरगावी जायचे असेल, तर बॅटरीची ऋण टर्मिनलची वायर सोडवून ठेवावी. सोडवताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. घड्याळ पुन्हा लावावे लागेल आणि अलार्म बंद राहील, एवढेच. पार्किंगमध्ये विजेचा प्लग असेल, तर बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर उत्तम. मात्र चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवा खेळती असावी, जवळ काडी ओढू नये.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको, ॲसिड तर नकोच. साध्या मल्टिमीटरने प्रकृतीही कळते: काही तास उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

स्वतःला चालवणे झेपत नसेल, तर शेजारच्या विश्वासू तरुणाला रविवारी सकाळी किल्ली द्यावी. आपण शेजारी बसावे, चार ओळखीच्यांना भेटून यावे. तेही जमणार नसेल, तर कव्हराखालच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, हे बरे.