खाडीपलीकडची पदवी

मढच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत वर्सोवा येतं. अलीकडे बोंबील सुकवायच्या वलांड्या, पलीकडे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. १९६१ साली स्थापन झालेली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ असलेली ही संस्था मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण आणि डॉक्टरेट देते. खाडी एवढीशी, पण मढच्या कोळ्याला विद्यार्थी म्हणून ती ओलांडायची, तर आधी बारावी विज्ञान, मग रत्नागिरीजवळच्या शिरगावसारख्या महाविद्यालयात चार वर्षांची पदवी, मग प्रवेश परीक्षा. जाळ्यावर काढलेल्या तीस वर्षांसाठी अर्जात रकाना नाही.

त्या तीस वर्षांत काय काय असतं? डोल हे पिशवीसारखं जाळं. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. मासळी पाण्याच्या ओढीनेच आत येते. प्रवाह फिरायच्या आत जाळं उचललं नाही, तर आलेलं हातचं जातं. म्हणून डोलकराच्या डोक्यात तिथीचा हिशेब पक्का असतो: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाण्याला फारशी ओढ नाही, म्हणजे डोलीला काम कमी. किनाऱ्यावर बाया बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या वलांडीवर टाकतात. वारा कुठला, दव किती, माल कधी फिरवायचा आणि कुठल्या बाजारात न्यायचा, हे त्याच ठरवतात. पुस्तकात याच गोष्टी भरती-ओहोटीचं शास्त्र, मत्स्यप्रक्रिया आणि विपणन अशा तीन प्रकरणांत येतात.

असं शिकणं पदवीत धरायचं कसं, हा प्रश्न जगाला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकांचं लष्करी प्रशिक्षण तपासून महाविद्यालयांनी त्याचे श्रेयांक दिले. पुढे तिथे एक तत्त्व रूढ झालं: श्रेयांक अनुभवाला नाहीत, अनुभवातून झालेल्या शिकण्याला आहेत. नुसती वर्षं सरली म्हणून पदवी नाही. काय येतं ते दाखवावं लागेल. फ्रान्सने २००२ मध्ये कायदाच केला. तिथे कामाचा अनुभव परीक्षक मंडळापुढे मांडून पूर्ण पदवीही मिळवता येते.

महाराष्ट्रात ही वाट अर्धी आखली गेली होती. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘पूर्वतयारी’च्या मार्गाने बारावी न झालेल्यांनाही पदवीचं दार उघडलं. गृहिणी, कामगार, शेतकरी त्या दारातून आत गेले. मात्र तिथे सूट मिळाली ती बारावीच्या दाखल्यापुरती. आत गेल्यावर अभ्यासाचा श्रीगणेशा सगळ्यांना पहिल्या पानापासूनच गिरवावा लागे.

पुढची अर्धी वाट आता कागदावर आली आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत कारागिरांच्या आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. २०२१ मध्ये श्रेयांक साठवणारी शैक्षणिक बँक आली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. त्याचं गणित सोपं आहे: ३० तासांच्या शिकण्याला एक श्रेयांक, वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४०. अनुभवातून आलेलं ज्ञानही मूल्यमापनानंतर यात धरता येतं आणि संबंधित अनुभव असेल तर कमावलेले श्रेयांक दुपटीपर्यंत वाढू शकतात. मेख आहे ती ‘मूल्यमापनानंतर’ या शब्दात. शून्याची दुप्पट शून्यच! पहिला श्रेयांक कोणी, कुठे आणि कशावरून द्यायचा, यावर सगळं अवलंबून.

गंमत अशी, की शिकवणाऱ्याच्या बाबतीत आपण अधिक उदार झालो आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काढलेली नामवंत व्यक्ती औपचारिक पदवीशिवायही प्राध्यापक म्हणून वर्गात उभी राहू शकते. जळगावच्या विद्यापीठाला तर २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात. हा गौरव योग्यच. पण जिवंत माणसाच्या ज्ञानाला चार श्रेयांक देताना मात्र आपला हात आखडतो.

त्याला कारणही आहे. सैल परीक्षेतून पदव्यांचा बाजार मांडला जाईल, ही भीती खोटी नाही. त्यावरचा उपाय कडक परीक्षा हाच. फक्त ती त्या ज्ञानाच्या भाषेत हवी. ‘जाळ्यांचे प्रकार लिहा’ असा प्रश्न विचारून डोलकराचं अक्षर तेवढं तपासलं जाईल. त्याऐवजी जाळं समोर ठेवावं, तोंडी विचारावं, आणि शास्त्रज्ञाच्या शेजारी एक जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, परीक्षक म्हणून बसवावा. शास्त्रज्ञ कारण विचारील, तांडेल थाप ओळखील. जिथे डोलकराला कारण सांगता येणार नाही, तेवढाच भाग त्याने वर्गात बसून शिकावा.

अशी परीक्षा कधी झालीच, तर परीक्षकांनी वर्सोव्याहून फेरीबोट पकडून मढला यावं. फक्त भांगाच्या दिवशी येऊ नये. उधाण कधी, हे ठाऊक नसेल तर मढमध्ये कुणालाही विचारावं.