चित्र पाहणारांचें चित्र

ओनोरे दोमिए या फ्रेंच शिलाचित्रकारानें १८३१ सालीं राजा लुई फिलिप यास खादाड राक्षसाच्या रूपांत रेखाटलें आणि पुढील वर्षीं तुरुंग पाहिला. १८३५ च्या कायद्यानें राजकीय व्यंगचित्रांचें तोंड बंद झालें, तेव्हां त्याची नजर सुखवस्तु शहरी गृहस्थांकडे वळली. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनांतील चित्रें सोडून तीं पाहणारेच त्यानें 'शारिवारी' दैनिकांत काढले. कोणी चौकटीला नाक लावून उभा, तर कोणी शेजाऱ्याची मान हलेल तशी आपली हलवितो आहे! १८६४ च्या एका चित्रांत दोन प्रतिष्ठित बायका व्हीनसच्या चित्रांना कंटाळल्या आहेत; अशा घडणीच्या बायका असतात तरी कोठें, ही त्यांची तक्रार.

दगडावर तेलकट खडूनें रेखाटून छापण्याची हीच विद्या आपल्याकडे १८७८ त पुण्याच्या चित्रशाळेनें चालविली. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यानें गिरगांवांत छापखाना काढला. तो पुढें मळवलीस गेला. भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या छापखान्यांमुळें.

दोमिए आमच्या भंडाऱ्यास आला असता तर त्याला विषयाची ददात पडली नसती. एके काळीं पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेल्या या गांवीं गृहिणी टिचकी मारून नाद ऐके, वजन हातांत तोली, आणि मगच दराची घासाघीस करी. त्या कामीं तिला कोणाच्या अभिप्रायाची गरज नसे. चित्रापुढें मात्र सुशिक्षितांचें डोळे मिटतात व कान उघडतात. आजीनें लक्ष्मीच्या तसबिरीच्या कांचेला कुंकू लाविलें. मुलानें हॅवेल व आनंद कुमारस्वामी यांचीं मतें ऐकलीं, रविवर्मा परकी वळणाचा ठरविला, आणि लक्ष्मी माळ्यावर गेली. तिच्या जागीं दिनदर्शिका आली, ती कोणत्या वळणाची हें कोणीं विचारलें नाहीं. आतां जुन्या छापांना लिलांवांत किंमत येते असें कळतांच नातवानें तीच तसबीर पुसून दिवाणखान्यांत टांगली आहे. पाहुणे चहा घेतां घेतां रंगांच्या छटांविषयीं बोलतात व मागच्या बाजूस छापखान्याचें नांव आहे का तें पाहतात.

तिघांत चित्र कोणीं पाहिलें म्हणाल तर आमचें मत आजीकडे जाईल. लक्ष्मीच्या शेजारीं पाण्यांत हत्ती आहे आणि त्यानें सोंडेंत माळ धरिली आहे, हें ती नातवंडांस रोज बोट लावून दाखवी. नातू छापाचें साल सांगेल, दरही सांगेल. हत्तीच्या सोंडेंत काय आहे असें विचारल्यास मात्र त्याला उठून भिंतीकडे जावें लागतें.