स्लॅबचं जेवण आणि शेवटचा हप्ता

पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात नवं घर उभं राहत असलं की स्लॅबचा दिवस लांबूनच ओळखू येतो. उजाडता उजाडता मिक्सर येऊन थांबतो. सेंट्रिंगवाला खालून एकेक टेकू ठोकून बघतो. घरमालकीण नारळ आणि हळदकुंकू घेऊन येते, नारळ फुटतो आणि पाट्या वर चढायला लागतात. त्यानंतर शेवटचा कोपरा भरेपर्यंत कुणाला हात सैल सोडता येत नाही, कारण मध्येच थांबलेल्या काँक्रीटचा सांधा पुढे पावसाळ्यात गळण्याची भीती असते. काम संपतं तेव्हा माणसं सिमेंटने माखलेली असतात. हातपाय धुऊन सगळे पंगतीला बसतात. मिस्त्री, बिगारी, मिक्सरवाला, पाट्या उचलणाऱ्या बाया, सगळेच. ऐपतीप्रमाणे मटण-भाकरी, नाहीतर पुरी-भाजी आणि जिलेबी. वाढायला घरची माणसं असतात. मालक स्वतः आग्रह करत फिरतो.

घर बांधणाऱ्यांचे आभार मानण्याची आपली रीत अशी टप्प्याटप्प्याने चालत आली आहे. पायाभरणीला पहिला नारळ. मुख्य दाराची चौकट उभी करताना तिला हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, आणि सुताराला टॉवेल-टोपी, वर दक्षिणा. वास्तुशांतीच्या दिवशी मंत्र संपले की मिस्त्री आणि सुतार यांना पाटावर बसवून पोशाख देतात. ज्यांच्याकडे एवढं जमत नाही तेही नारळ आणि टोपी चुकवत नाहीत. या आहेराची किंमत फार नसते, पण तो चारचौघांत दिला जातो. सोयऱ्याधायऱ्यांच्या समोर यजमान सांगतो की हे घर या माणसाच्या हातचं आहे. पुढचं काम मिस्त्रीला बहुतेक वेळा त्याच मांडवात मिळतं.

जगात दुसरीकडेही छप्पर चढण्याचा क्षण असाच धरला जातो. जर्मनीत छपराचा लाकडी सांगाडा उभा राहिला की ‘रिश्टफेस्ट’ होतो. सांगाड्यावर पानाफुलांचं चक्र चढवतात, सुतार वरून घरासाठी शुभेच्छा म्हणतो, पेला रिकामा करून तो खाली फोडतो आणि मग मालकाकडून सगळ्यांना जेवण. जपानमध्ये आढं चढवण्याच्या समारंभात मालक मुख्य सुताराला आणि इतरांना पाकिटात पैसे घालून देतो. तिथे सुतारांना सकाळी दहाला आणि दुपारी तीनला चहा आणि काही खायला देण्याचीही जुनी पद्धत आहे. कंपन्यांकडून घर बांधून घेणाऱ्यांत ती आता कमी होत चालली आहे.

शहरातल्या फ्लॅटमध्ये यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. इथे घर कुणी उभं करताना दिसत नाही. ते बिल्डरकडून किल्लीसकट मिळतं. नंतर दहा-पंधरा वर्षांनी नूतनीकरण निघालं की माणसं तुकड्या तुकड्याने येतात. आधी तोडफोडवाले, मग प्लंबर, मग फरशीवाले, पीओपीवाले, सुतार, शेवटी रंगारी. एक टोळी गेली की दुसरी येते, आणि कंत्राटदाराशिवाय कुणाचं नावही घरात ठाऊक नसतं. अशा वेळी कारागिराला आपण काय मानतो हे फार छोट्या गोष्टींवरून कळतं. पन्नाशीच्या इलेक्ट्रिशियनला घरातला विशीतला मुलगा ‘अरे, इकडे ये’ म्हणतो, की ‘काका, जरा हे बघता का?’ म्हणतो? चहा येतो तेव्हा तो कशातून येतो?

या कपाबद्दल सरळच बोललं पाहिजे. कामाला आलेल्या माणसासाठी कडेला वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप अजून कितीतरी घरांत आहे. हल्ली त्याची जागा कागदी कपाने घेतली आहे, आणि स्वच्छतेच्या नावाखाली तो खपून जातो. पण त्याच घरात त्याच वेळी आलेल्या पाहुण्याला काचेचा कप मिळत असेल, तर कागदी कप का आला हे फरशी बसवणाऱ्याला न सांगता कळतं. तसंच शौचालयाचं. दिवसभर आपल्याच बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून राबणाऱ्या माणसाला गरज पडली की खाली वॉचमनकडे जायला सांगायचं, आणि वर मालाची म्हणून ठेवलेली लिफ्टच वापरायला लावायची. टोळीत विटा-वाळू उचलणारी बाई असेल तर तिचे हाल विचारूच नका. ती सकाळपासून पाणीच कमी पिते. अशा घरातून संध्याकाळी निघताना वरखुशी म्हणून शंभराची नोट मिळाली, तर ती नोट कशाची भरपाई करणार?

ही सवय आली कुठून, हेही बघावं लागतं. गावगाड्यात कारागिराला मजुरी रोख मिळत नसे. सुताराने वर्षभर नांगर, कुळव दुरुस्त करायचे, लोहाराने फाळ शेवटायचे, आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. तेच बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने लिहून ठेवली. बलुतेदारांत वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळी होत्या, आणि ओळीप्रमाणे वाटा कमीजास्त होई. कुणाला खळ्यावर मानाने बोलावलं जाई, कुणाला लांब उभं राहून मागावं लागे. वाटा हक्काचा म्हणायचा, पण सुपात किती पडणार हे देणाऱ्याच्या मनावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच दुखण्यावर. महारांचं बलुतं गावकऱ्यांच्या मर्जीवर न राहता त्याचं पैशात रूपांतर व्हावं आणि ते सरकारमार्फत मिळावं, असा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक संमत झालं नाही. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. मधल्या तीस वर्षांत किती जणांनी खळ्यावर हात पसरले असतील!

मला या इतिहासातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोबदला आणि मेहेरबानी एकाच हाताने, एकाच वेळी दिली की घेणाऱ्याला त्यातलं आपल्या हक्काचं कोणतं हे कधीच सांगता येत नाही. देणाऱ्याला मात्र दोन्हीचं पुण्य मिळतं. आजच्या घरकामात हे अगदी तसंच चालतं, आणि त्याचं नाव आहे शेवटचा हप्ता.

उक्तं काम घेतलेल्या माणसाला विचारा. उचल मिळते, मधले पैसे मिळतात, पण शेवटचे अडकतात. काम संपल्यावर मालकाची गरज संपलेली असते. ‘जरा दोन दिवस बघू दे’, ‘साहेब गावाला गेलेत’, ‘कपाटाचं दार घासतंय, ते करून द्या मग बघू’. दार घासत असेल तर ते दुरुस्त करून घ्यायलाच हवं, त्यात काही गैर नाही. पण एका दारासाठी पंधरा-वीस हजार अडवून ठेवायचे, शेवटी त्यातले दोन-तीन हजार ‘राहू द्या आता’ म्हणून कापायचे आणि दिवाळीला त्याच माणसाला फराळाचा डबा द्यायचा, हा व्यवहार सुशिक्षित घरांत सर्रास होतो. हे कापलेले पैसे बहुतेक वेळा मिस्त्रीच्याही खिशातून जात नाहीत. ते खाली बिगाऱ्याच्या हजेरीतून जातात. कारागिराबद्दल आदर दाखवायचा असेल तर पहिलं काम हे की कोणत्या टप्प्याला किती द्यायचे ते सुरुवातीला कागदावर लिहावं, शेवटी काय काय तपासणार तेही त्यातच लिहावं, आणि तपासून झालं की त्याच दिवशी हिशोब मिटवावा. बक्षिसी त्यानंतर. ती वेगळी द्यावी, आणि ही वरची आहे हे सांगून द्यावी. मिस्त्रीच्या हाती सगळं ठेवलं तर हेल्परपर्यंत काय पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून हेल्परची त्याच्या हातात द्यावी, मिस्त्रीच्या समोर. उंचीवरचं किंवा विजेचं काम बाकी असताना खुशी म्हणून बाटली तर कुणाला देऊच नये. अपघात झाला तर ती खुशी कुणाच्या घरावर जाते हे सांगायला नको.

जेवणखाणाच्या बाबतीत विचारून करणं बरं. रमजानच्या महिन्यात रोजा धरलेल्या रंगाऱ्यासमोर बशी नेऊन ठेवण्यापेक्षा संध्याकाळी निघताना खजूर आणि फळं दिली तर ती पोचतात. राजस्थानातून आलेल्या सुतारांपैकी बरेच जण शुद्ध शाकाहारी असतात. आणि हात धुवायला साबण आणि पुसायला फडकं दिल्याशिवाय लाडू पुढे करू नये. जुने कपडे गाठोडं बांधून गळ्यात मारणं हे देणं नव्हे. उरलेला रंग किंवा फरशा कुणाला हव्या असतील तर तो मागतो, आपणही विचारू शकतो.

अ‍ॅपवरून कारागीर बोलावणाऱ्यांना वाटतं की हा सगळा प्रश्न आता तारे देऊन सुटला. तसं नाही. तिथे आपण दिलेल्या ताऱ्यांवर पुढची कामं ठरतात आणि गुण घसरले तर कामं मिळणं बंदही होऊ शकतं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अर्बन कंपनीवर काम करणाऱ्या ब्युटिशियन महिला गुरुग्राममध्ये कंपनीच्या कार्यालयासमोर बसल्या, तेव्हा कमिशन आणि दंडाबरोबर गुणांची ही पद्धतही त्यांच्या तक्रारीत होती. घरातल्या माणसाचा मूड वाईट होता म्हणून दिलेले तीन तारे त्यांच्या रोजीतून वजा होतात. अ‍ॅपवर टिप द्यायची सोय असते, जरूर द्यावी. पण काम चांगलं झालं असेल तर पूर्ण तारे देणं आणि खाली दोन ओळी लिहिणं याला टिपेहून जास्त मोल आहे.

आणि त्या दोन ओळी काय लिहायच्या? इथे आपली खरी अडचण आहे. ‘छान काम केलं’ याच्यापुढे आपल्याला बोलता येत नाही, कारण आपण कामाकडे बघायलाच शिकलेलो नाही. गाण्याला दाद देताना आपण नेमकी जागा ओळखून मान डोलावतो. फरशीच्या कामातही अशा जागा आहेत. दारातून आत पाऊल टाकताना अखंड फरशी समोर आली आहे का आणि कापलेले तुकडे पलंगाखाली, कपाटामागे गेले आहेत का, हे बघावं. ते आपोआप होत नाही. पहिली फरशी टाकण्याआधी मिस्त्री दोरी धरून सगळ्या खोलीचं गणित मांडतो. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतावं. ते कुठेही न थबकता नहाणी ट्रॅपकडे गेलं तर उतार साधला. डोळ्यांना न दिसणारा तो उतार देताना फरशांच्या कडा मात्र एका पातळीत दिसल्या पाहिजेत, आणि हे दोन्ही एकदम साधणं सोपं नाही. नाण्याने फरशी वाजवली आणि कुठे पोकळ आवाज आला नाही, तर खालचा माल नीट भरला आहे.

गिलाव्यावर लांब सरळ पट्टी आडवी-उभी लावून बघा. मागून उजेड दिसला नाही तर त्या माणसाच्या मनगटाला दाद द्या. रंगाची परीक्षा समोरून होत नाही, भिंतीला समांतर बॅटरीचा झोत टाकला की लांबीतले चढउतार उघडे पडतात. चांगला रंगारी स्वतःच तसा दिवा धरून घासतो. सुताराने कपाटाच्या तिन्ही दारांवर लॅमिनेटच्या रेषा सलग जुळवल्या असतील तर त्याने शीट कापताना किती विचार केला असेल! प्लंबरने भिंत बंद करण्याआधी पाइपांत दाब भरून ठेवला आणि तो उतरत नाही ना हे पाहिलं, तर त्याने आपल्याला पुढच्या वीस वर्षांच्या ओलीतून वाचवलं, आणि हे कौशल्य फरशीमागे कायमचं दडून जाणार आहे. इलेक्ट्रिशियनने बोर्डातल्या प्रत्येक स्विचवर कोणती खोली ते लिहून ठेवलं असेल, अर्थिंग तपासून दाखवलं असेल, तर तेही नजरेत भरायला हवं. अशा जागेवर बोट ठेवून ‘मिस्त्री, हा कोपरा कसा जुळवलात?’ एवढं विचारून बघा. माणूस हातातली करणी खाली ठेवतो आणि सांगायला लागतो. आधी कुठे कुठे असं काम केलं, कुणाकडे शिकला, काय चुकलं की काय होतं. तेव्हा ऐकून घ्यावं, घाई करू नये. चूक दिसली तर तीही अशीच, तिथल्या तिथे, काम ओलं असताना दाखवावी. दहा दिवसांनी, फोनवर, आवाज चढवून सांगितलेली चूक दुरुस्त करणं दोघांनाही जड जातं.

नूतनीकरण संपल्यावर घरात एक फाइल करावी असं मला वाटतं. भिंतीत गेलेल्या पाइपांचे आणि वायरींचे फोटो, वापरलेल्या रंगाचा क्रमांक, आणि प्रत्येक काम कुणी केलं त्याचं नाव आणि नंबर. इमारतीच्या दारावर बिल्डरचं आणि वास्तुविशारदाचं नाव असतंच, आपल्या घराच्या फाइलमध्ये ज्यांचे हात लागले त्यांची नावं असावीत. कुणी विचारलं, ‘कुणाकडून करून घेतलंत?’ तर नुसता नंबर न पाठवता तो माणूस कशात तरबेज आहे ते सांगावं: बाथरूम त्यालाच द्या, वेळ जास्त घेतो पण गळती राहू देत नाही. कारागीर आपल्या कामाचे फोटो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला मागतो, तेव्हा सामान आवरून, दिवे लावून त्याला ते नीट काढू द्यावेत.

आणि पुढच्या वर्षी पावसाळा सरला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेल्या माणसाला एक फोन करावा. त्याला येणारे बहुतेक फोन गळतीचे असतात. नंबर बघून तो आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं: ‘दादा, तक्रार नाही. चार महिने पाऊस झाला, एक थेंब आत आला नाही.’