मुसाशीचं हायड्रोजन इंजिन

टोकियोच्या सेतागाया भागात, तामा नदीच्या बांधाजवळ टोकियो सिटी विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. हे नाव २००९ सालचं. त्याआधी अनेक दशकं ही खासगी संस्था ‘मुसाशी’ म्हणूनच ओळखली जाई. चांगलं तांत्रिक शिक्षण हवं म्हणून १९२९ मध्ये विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेतला आणि त्यातून मुसाशीची तंत्रशाळा उभी राहिली. १९४९ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. पुढे ती तोक्यू रेल्वेचे कर्तेधर्ते गोतो केइता यांच्या शिक्षणसंस्थेत आली.

आज इथे अभियांत्रिकीइतकाच पर्यावरणाचा अभ्यासही चालतो. पण पर्यावरण इथे अभ्यासक्रमात येण्याच्या कितीतरी आधी इंजिनाच्या प्रयोगशाळेत शिरलं होतं, आणि मला या संस्थेचं मोठेपण त्यातच दिसतं.

१९७० च्या उन्हाळ्यात टोकियोत धुरकं असं दाटलं, की सुगिनामी भागातल्या एका शाळेच्या मैदानावर मुली त्रासून कोसळल्या. त्याच वर्षी मुसाशीत प्राध्यापक शोइची फुरुहामा यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाचं काम हाती घेतलं. ते पिस्टन रिंग आणि वंगणाचे जाणकार. पिस्टनचं घर्षण मोजण्याची त्यांची पद्धत इंजिनवाल्यांच्या जगात आजही आदराने घेतली जाते.

हायड्रोजन जळला की पाण्याची वाफ होते, कार्बनचा धूर होत नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण इंजिनात हा वायू फार अवखळ असतो. पेट्रोलच्या वाफेला पेटायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात तो भडकतो. सिलिंडरमधला एखादा तापलेला कोपरा पुरतो. झडप उघडी असतानाच आग मागे हवेच्या नळीत उसळते. शिवाय वायू म्हणून आत घेतला तर तो हवेची जवळपास ३० टक्के जागा अडवतो आणि ताकद घटते. ज्वाला फार तापली तर हवेतल्याच नायट्रोजनपासून विषारी ऑक्साइडं बनतात, म्हणजे धुरक्याचं एक मूळ शिल्लकच राहतं.

मुसाशीच्या मंडळींनी यावर धरलेली वाट अशी: झडपा मिटल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, हायड्रोजन दाबाने थेट सिलिंडरमध्ये सोडायचा. दाब हवा तर तो द्रवरूपात पंपाने ढकलणं स्वस्त पडतं. वायू दाबायला फार शक्ती खर्च होते. पण द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो. तिथे तेल गोठून दगड होतं आणि स्वतः हायड्रोजन इतका पातळ, की वंगणाचं काम त्याच्याकडून होत नाही. तेल नसताना पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी एकमेकांना न खाता घट्ट कशी बसवायची? आयुष्यभर पिस्टन रिंगांचा अभ्यास केलेल्या माणसासमोर हा प्रश्न यावा, यात मला मोठं औचित्य वाटतं.

त्यांची पहिली गाडी, मुसाशी-१, १९७४ मध्ये धावली. पुढच्याच वर्षी द्रव हायड्रोजनची टाकी घेऊन मुसाशी-२ अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या रॅलीत सुमारे २,८०० किलोमीटर गेली. त्यानंतर एकामागून एक गाड्या होत राहिल्या, अगदी १९९० च्या दशकापर्यंत. तेलसंकट ओसरल्यावर जगाचा हायड्रोजनमधला रस आटला, तरी इथलं काम थांबलं नाही.

मुसाशीची दुसरी धाडसी गोष्ट म्हणजे कावासाकीतली १०० किलोवॅटची छोटी अणुभट्टी. १९६३ मध्ये ती सुरू झाली. पुढे तिचे न्यूट्रॉन वापरून मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांवर बोरॉनच्या साहाय्याने उपचार झाले. टाकीतून पाणी गळू लागल्याने १९८९ मध्ये ती बंद पडली आणि नंतर कायमचीच मोडीत काढायचं ठरलं.

१९९७ मध्ये योकोहामात मुसाशीचा पर्यावरण आणि माहितीशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्या परिसराने पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ १४००१ प्रमाणपत्र मिळवलं. असं करणारं ते जपानमधलं पहिलं विद्यापीठ. वीज, कचरा, कागद यांचा हिशोब ठेवण्यात विद्यार्थीही उतरले. ज्या संस्थेची सुरुवातच विद्यार्थ्यांनी केली, तिथे हे शोभून दिसतं.

मुसाशीत पडलेला पंपाचा तो जुना प्रश्न पुढेही उरलाच होता. २०२३ मध्ये टोयोटाने द्रव हायड्रोजनवर चालणारी कोरोला फुजीच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. इंजिन टिकलं. पंप मात्र तेवढा वेळ तग धरणार नाही हे आधीच ठाऊक असल्याने शर्यत चालू असतानाच तो बदलावा लागला.